वेढे, ग्रेन आणि मिलिग्रॅम : कंपाउंडरच्या टेबलाची गोष्ट

मंडळाच्या मागच्या बैठकीला एक सभासद पिशवीतून तीन वस्तू घेऊन आले. दांडिया बाजारातल्या त्यांच्या जुन्या घराची आवराआवर चालली होती, तेव्हा माळ्यावर त्या सापडल्या. चिनी मातीचा छोटा खल, पितळी पारड्यांचा वीतभर तराजू आणि हिरवट काचेची चपटी बाटली. बाटलीच्या एका बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीच्या कडेला कात्रीने कापलेले सहा दाते. तरुण सभासदांनी विचारलं, 'ही पट्टी कशाला?' त्यावर साठी ओलांडलेले आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. एक दाता म्हणजे एक डोस. सकाळ-दुपार-संध्याकाळ मिळून तीन दाते, म्हणजे दोन दिवसांचं औषध. बाटली घरूनच धुऊन न्यायची. विसरलात तर कंपाउंडर परत पाठवायचा.

बैठक संपता संपता एक ताई म्हणाल्या, 'माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या मांजराला थायरॉइड आहे. तिकडे एक औषधाचं दुकान त्या एका मांजरापुरतं माशाच्या चवीचं औषध तयार करून देतं, आणि बाटलीवर मांजराचं नाव असतं.' कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, 'म्हणजे आपला कंपाउंडरच की!'

ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि हा लेख त्यातून झाला. कंपाउंडर खरोखर करायचा काय, ते काम बडोद्यासारख्या गावात कसं रुजलं, कसं गेलं, आणि माणसांसाठी व जनावरांसाठी ते आज कोणत्या रूपात चालू आहे, हे इथे सांगायचं आहे. त्यातली जोखीमही सांगायची आहे, कारण जुन्या दिवसांच्या आठवणींत ती नेहमी गळून पडते.

कंपाउंडर म्हणजे नक्की कोण?

आज दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या, इंजेक्शनची सुई आणून देणाऱ्या माणसाला आपण कंपाउंडर म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'मिश्रण करणारा' असा आहे. डॉक्टर तपासायचे आणि चिठ्ठीवर घटक व प्रमाण लिहायचे. लाकडी पार्टिशनच्या पलीकडे कंपाउंडर ती चिठ्ठी वाचून औषध बनवायचा. म्हणजे शेल्फावरचं तयार औषध उचलून देणं हे त्याचं काम नव्हतं. समोर उभ्या असलेल्या त्या एका रोग्यासाठी, त्याच्या वयाला आणि ताकदीला झेपेल असं औषध त्या वेळी तयार व्हायचं.

चिठ्ठीची भाषा लॅटिन संक्षेपांची. 'मिस्ट.' म्हणजे मिक्श्चर, 'पल्व.' म्हणजे पूड, 'अंग.' म्हणजे मलम. 'टी.डी.एस.' म्हणजे दिवसातून तीनदा. शेवटी पाण्यापुढे 'क्यू.एस.' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे माप पुरं होईल इतकं पाणी. रोग्याला यातलं काही कळायचं नाही, पण कंपाउंडरला कळलंच पाहिजे, यावर सगळं उभं होतं.

सहाण, अनुपान आणि पागा

माणूस बघून मात्रा ठरवायची, ही कल्पना इंग्रजी दवाखान्याबरोबर आली असं मात्र नाही. आपल्या घरातली बाळगुटी आठवा. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ यांचे तुकडे आईच्या दुधात किंवा पाण्यात सहाणेवर उगाळायचे. मात्रा मोजायची ती वेढ्यांनी. महिन्याच्या बाळाला जायफळाचा एकच वेढा, बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे. पोट बिघडलं असेल तर एखाद्या औषधाचा वेढा जास्त, दुसऱ्याचा कमी. वजनकाटा नसलेल्या घरात वेढा हेच माप होतं. बाळगुटी आज द्यावी की नाही हा बालरोगतज्ज्ञांचा विषय आहे. इथे मुद्दा इतकाच, की आजीच्या हाती एका बाळापुरतं बेतलेलं औषध होतं.

वैद्यांकडे हीच गोष्ट अनुपानाने साधायची. पुडी तीच, पण एकाला मधातून, दुसऱ्याला तुपातून, तिसऱ्याला कोमट पाण्यातून. वजन गुंजेच्या हिशेबात. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. इंग्रजी दवाखाने आले तेव्हा त्यांचं माप ग्रेनचं होतं. १ तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा गुंज भरते पावणेदोन ग्रेनपेक्षा किंचित जास्त.

जनावरांचंही तसंच. घोड्यांच्या वैद्यकाची शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली जुनी परंपरा आपल्याकडे होती. जिथे पागा आणि हत्ती सांभाळले जात, तिथे त्यांच्या औषधपाण्याची जाण असलेली माणसं लागणारच. शेतकरी बैलाला औषध पाजायचा ते बांबूच्या नळीने, जनावराचं तोंड वर धरून. औषध घशाऐवजी श्वासनलिकेत गेलं तर जनावर दगावायचं, हेही त्याला ठाऊक असायचं. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि हे ज्ञान नव्या पद्धतीने शिकवलं जाऊ लागलं. पण आडदांड बैल आणि सहा महिन्यांचं वासरू यांना एकच माप चालत नाही, हे गोठ्यात आधीच माहीत होतं.

बडोद्यात टिंक्चर

इंग्रजी पद्धतीचं मिश्रण बनवायला कच्चा माल लागतो, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे टिंक्चर. वनस्पतीचा औषधी अंश अल्कोहोलमध्ये उतरवला की झालं टिंक्चर. अल्कोहोलमुळे ते लवकर नासत नाही, आणि थेंबांच्या मापाने दुसऱ्या औषधात मिसळता येतं. ही टिंक्चरं विलायतेहून यायची.

बडोद्याचा या गोष्टीशी संबंध इथे येतो. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली कलाभवन सुरू झालं आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे आली. मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं, तेव्हा तो डाग घालवणारे रसायनशास्त्रज्ञ ते हेच. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या पुढाकाराने अलेम्बिक केमिकल वर्क्स उभं राहिलं. सुरुवातीचा माल कोणता, तर टिंक्चर आणि अल्कोहोल. 'अलेम्बिक' हे नावही अर्क काढायच्या जुन्या भांड्याचं, मूळ अरबी शब्दावरून आलेलं. बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र रे यांचं बेंगॉल केमिकल याआधीच सुरू झालं होतं.

यातली गंमत बघा. बडोद्यातला हा कारखाना सुरुवातीला कंपाउंडरच्या टेबलावरचा माल बनवत होता. पुढे याच जातीच्या कारखान्यांनी ते टेबलच नाहीसं केलं.

टेबलावर काय चालायचं

लाल मिक्श्चर सगळ्यांच्या आठवणीत आहे. पोटाच्या वाताचं ते औषध. त्याचा रंग बहुधा वेलदोड्याच्या संयुक्त टिंक्चरमुळे यायचा. त्यात वेलदोडा, दालचिनी यांच्याबरोबर कोचिनील असायचं, म्हणजे एका किड्यापासून काढलेला तांबडा रंग. सोवळ्यातल्या किती आजींनी ते निमूट घेतलं असेल, कोण जाणे.

मिक्श्चरमध्ये न विरघळणारी पूड असेल तर ती तळाशी बसते. पहिल्या डोसात नुसतं पाणी आणि शेवटच्या डोसात सगळं औषध, असं व्हायला नको. म्हणून ट्रॅगाकांथसारखा डिंक घालून द्रव किंचित दाट करायचा, म्हणजे पूड तरंगत राहते. तरीही 'बाटली हलवून घ्या' ही सूचना असायचीच, आणि ती शोभेची नव्हती.

तेलाचं औषध असेल तर काम आणखी नाजूक. एरंडेल किंवा माशाचं तेल पाण्यात मिसळत नाही. मग खलात ४ भाग तेल, २ भाग पाणी आणि १ भाग बाभळीच्या जातीचा डिंक घेऊन एकाच दिशेने भराभर घोटायचं. नीट जमलं की मिश्रण पांढरंशुभ्र होतं आणि बत्त्याखाली चटचट आवाज येतो. तो आवाज आला की मगच उरलेलं पाणी घालायचं. घाई केली तर तेल फुटून वर येतं आणि सगळं टाकून द्यावं लागतं. हे पुस्तकात लिहिलेलं असलं तरी शिकायचं ते कानानेच.

पुड्यांचं गणित वेगळं. समजा, तीव्र औषध अगदी चिमूटभर आहे आणि ते भरपूर साखरेच्या पुडीत सारखं पसरायचं आहे. सगळं एकदम ढवळलं तर एका पुडीत जास्त आणि दुसरीत काहीच नाही असं होईल. म्हणून आधी औषधाइतकीच साखर घ्यायची आणि घोटायची. मग जेवढं झालं तेवढीच आणखी साखर. असं दरवेळी दुप्पट करत जायचं. आजही औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला हीच रीत शिकवतात.

आणि मापं! ६० ग्रेनचा एक ड्राम, ८ ड्रामचा एक औंस. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. ग्रॅम आणि ग्रेन यांची संक्षिप्त रूपं इतकी सारखी, की एक अक्षर चुकीचं वाचलं तर मात्रा पंधरापट व्हायची. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, पण हाताला बसलेलं जुनं माप एका दिवसात सुटत नाही. मधल्या काळात एकाच टेबलावर दोन्ही मापं नांदत होती.

गोळी आली, टेबल गेलं

१९३०च्या दशकात सल्फा औषधं आली आणि पुढच्या दशकात पेनिसिलीन. साराभाईंचा औषध कारखानाही बडोद्यात उभा राहिला. गोळी यंत्रावर निघू लागली. प्रत्येक गोळीत मात्रा तीच, वर्षभर टिकणारी, प्रयोगशाळेत तपासलेली. खरं बोलायचं तर जुन्या लाल-पिवळ्या मिक्श्चरांपैकी कितीतरी दिलासा देण्यापलीकडे फारसं काही करत नव्हती. सल्फा आणि पेनिसिलीनने न्यूमोनियातून माणसं वाचवली. बहुतेक रोग्यांसाठी कारखान्याचं औषधच जास्त चांगलं आणि जास्त सुरक्षित आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कंपाउंडरच्या हातात मग पट्टीतून गोळ्या कापायची कात्री उरली. शब्द राहिला, काम गेलं.

कारखान्याच्या मापात न बसणारे

पण कारखाना माल काढतो तो सरासरी माणसासाठी. त्या सरासरीच्या बाहेरचे रोगी कुठे जाणार? पहिले येतात लहान मुलं. एक हिशेब मांडून बघू. एका औषधाची २५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. बाळ ४ किलोचं आहे आणि डॉक्टरांनी किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिलिग्रॅम सांगितलंय. गोळीचा सहावा तुकडा चाकूने करायचा म्हणजे अंदाजपंचे काम. त्याऐवजी प्रशिक्षित औषधनिर्माता १० गोळ्यांची, म्हणजे २५० मिलिग्रॅमची, पूड करतो आणि योग्य द्रवात घोटून एकूण ५० मिलिलिटर करतो. आता १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध आहे. बाळाला सिरिंजने ०.८ मिलिलिटर दिलं की बरोबर ४ मिलिग्रॅम पोटात गेलं. मुलांच्या हृदयविकारावरची काही औषधं मोठ्या रुग्णालयांत अशीच तयार होतात.

हिशेब सोपा आहे, अवघड आहे ते त्यामागचं ज्ञान. ते औषध पाण्यात टिकतं का? आंबट द्रवात बिघडतं का? गोळीवर आतड्यात जाऊनच विरघळणारं कवच आहे का? असेल तर ती फोडली की औषध पोटातल्या आम्लात वाया जातं. गोळी हळूहळू औषध सोडणारी असेल आणि तिची पूड केली, तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. शिवाय असं पातळ औषध वर्षभर टिकत नाही. संरक्षक द्रव्य न घातलेल्या पाण्यातल्या औषधाला फ्रीजमध्ये साधारण १४ दिवसांची मुदत धरतात. म्हणून बाटलीवर बनवल्याची आणि टाकून देण्याची, अशा दोन्ही तारखा लागतात.

दुसरे रोगी म्हणजे ज्यांना गिळता येत नाही ते. अर्धांगवायूचे वृद्ध, नळीने अन्न घेणारे. तिसरे, ज्यांना गोळीतल्या रंगाची किंवा दुग्धशर्करेची ॲलर्जी आहे ते. चौथे, ज्यांचं औषध खप नाही म्हणून कंपनीने बनवणंच बंद केलं ते. त्वचारोगतज्ज्ञ आजही एखादं मलम ठराविक टक्क्यांत मिसळून मागतात. मोठ्या रुग्णालयांत शिरेतून द्यायचं पोषण रोग्यागणिक, दिवसागणिक वेगळं मिसळतात. ते निर्जंतुक खोलीत, गाळलेल्या हवेत, हातमोजे घालून. खल-बत्त्याच्या टेबलाचं हे आजचं रूप.

जनावरांची औषधं

जनावरांच्या बाबतीत ही गरज आणखी मोठी आहे. बहुतेक औषधं माणसांसाठी बनतात, आणि रोगी मात्र तीसेक ग्रॅमच्या लव्हबर्डपासून पाचशे किलोच्या घोड्यापर्यंत कुणीही असतो.

पोटॅशियम ब्रोमाइडचीच गोष्ट घ्या. १८५७ साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी ते अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर, गुणकारी असल्याचं सांगितलं. मग ते जगभरच्या दवाखान्यांत पोचलं. झोपेसाठी, फिट्ससाठी दिलं जाणारं ब्रोमाइडचं मिक्श्चर आपल्या जुन्या कंपाउंडरांनाही परिचयाचं होतं. १९१२ साली फिनोबार्बिटोन आलं आणि ब्रोमाइड माणसांच्या वापरातून मागे पडत गेलं. पण फिट्स येणाऱ्या कुत्र्यांना ते मानवतं, असं दिसून आलं. कारखाने ते काढत नव्हते, तेव्हा कित्येक वर्षं अशा कुत्र्यांचं औषध मिश्रण करणाऱ्या औषधशाळांनीच बनवलं. मांजराला मात्र तेच ब्रोमाइड फुप्फुसाचा त्रास देतं, म्हणून टाळतात. सिसाप्राइडचंही असंच झालं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो म्हणून २००० साली अमेरिकेत ते माणसांसाठी बाजारातून काढलं गेलं. पण जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मांजरांसाठी तिथले पशुवैद्य ते अजून बनवून घेतात.

आता ताईंच्या मुलीच्या मांजराकडे येऊ. मांजराला गोड चव कळत नाही, तिच्या जिभेला ती जाणच नाही. म्हणून मुलांचं सिरप तिच्या काही कामाचं नाही, तिला मासा किंवा कोंबडी लागते. काही मांजरं तेही घेत नाहीत. मग थायरॉइडचं औषध जेलमध्ये मिसळून कानाच्या आतल्या बाजूला चोळायला देतात, तिथल्या कातडीतून ते अंगात जातं. अशी औषधं बनवणाऱ्याला चवीबरोबर विषाचीही माहिती लागते. माणसांच्या बिनसाखरेच्या सिरपमध्ये झायलिटॉल असू शकतं. आपल्याला ते निरुपद्रवी आहे, पण कुत्र्याची रक्तशर्करा त्याने धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते आणि यकृतही बिघडू शकतं.

इथे घरची एक गोष्ट सांगतो. मी शाळेत असताना आमच्याकडे एक मांजर होती. एकदा ती मलूल होऊन पडली. अंग गरम लागलं, म्हणून घरातल्या मोठ्यांनी मायेपोटी तापाच्या गोळीचा चतकोर तुकडा दुधातून दिला. 'लेकराला अर्धी देतो, हिला चतकोर पुरे', असा साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलं, हिरड्या काळसर पडल्या, आणि ती गेली. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते, हे मला फार वर्षांनी कळलं. वजनाच्या प्रमाणात मात्रा कमी केली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे. एकट्यासाठी औषध बनवणं म्हणजे मोठं माप लहान करणं एवढंच असतं, तर कंपाउंडरची गरजच पडली नसती.

चुकलं तर काय होतं

आता जोखमीकडे. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषध पातळ स्वरूपात द्यायचं ठरवलं. ते विरघळावं म्हणून डायएथिलीन ग्लायकोल वापरलं, चव आणि वास तपासला, विषारीपणा तपासला नाही. शंभरावर माणसं गेली, त्यांत लहान मुलं बरीच. त्यातून १९३८चा अमेरिकी औषध कायदा झाला. तेच रसायन १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये आलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाची चौकशी आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांतून वाचली आहे. घटक द्रव्य खात्रीचं नसेल तर मिसळणाऱ्याचा हात कितीही सफाईचा असो, रोगी वाचत नाही.

२००९ साली फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे सामन्याच्या तोंडावर कोसळून मेले. त्यांना दिलेलं जीवनसत्त्वांचं मिश्रण खास बनवून घेतलेलं होतं, आणि त्यात सेलेनियम प्रमाणाबाहेर पडलं होतं. जुन्या ग्रेन-ग्रॅमच्या घोटाळ्याचीच ही जात. २०१२ साली तर मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषधशाळेची इंजेक्शनं बुरशीने दूषित निघाली. साडेसातशेहून जास्त लोक आजारी पडले, साठाहून जास्त गेले. ती इंजेक्शनं एकेका रोग्याच्या चिठ्ठीवर बनत नव्हती, हजारोंनी बनून राज्याराज्यांत जात होती. म्हणजे काम कारखान्याचं आणि परवाना औषधशाळेचा. त्यानंतर २०१३ साली तिथे कायदा झाला आणि एका रोग्यासाठी बनवणारे व घाऊक बनवणारे असे दोन वर्ग वेगळे काढले. घाऊकवाल्यांवर कारखान्यासारखी तपासणी आली.

आपल्याकडचा कायदा त्याआधीचा आहे. १९४०चा औषध कायदा आणि १९४५चे नियम. त्या नियमांनुसार दुकानात मिश्रण करून औषध बनवायचं तर ते नोंदणीकृत औषधनिर्मात्याने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच बनवलं पाहिजे. १९४८च्या फार्मसी कायद्याने अशा नोंदणीची व्यवस्था लावली. पहिल्या नोंदवहीसाठी त्यात एक माणुसकीची तरतूद होती. पदविका नसली तरी दवाखान्यात पाच वर्षं मिश्रणाचं काम केलेल्याला नाव नोंदवता येत होतं. कानाने चटचट आवाज ओळखणाऱ्या माणसांना कायद्याने दिलेली ही ओळख होती. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि संस्थानातले दवाखाने नव्या सरकारच्या हाताखाली गेले.

माळ्यावर बघा

न्यू जर्सीच्या त्या दुकानदाराला आपला जुना कंपाउंडर म्हणणं चूक नाही, पण त्यात एक फरक आहे. जुन्या टेबलावर हात आणि नजर होती, नोंद मात्र बहुधा कमी पडायची. आज प्रत्येक बाटलीमागे कोणत्या तारखेला, कुणी, कोणत्या घटकातून, किती वजनाने बनवलं, याची नोंद असते, आणि ती नसेल तर ते औषध घेऊ नये. आपल्यालाही एखाद्या मुलासाठी, वृद्धासाठी किंवा घरच्या कुत्र्या-मांजरासाठी गोळी फोडायची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना, पशुवैद्याला किंवा नोंदणीकृत औषधनिर्मात्याला विचारा. 'हे फोडता येतं का, कशात मिसळायचं, किती दिवस टिकेल', हे तीन प्रश्न पुरेत.

आणि मंडळाची एक विनंती. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीकडच्या जुन्या घरांत अजून चिठ्ठ्यांच्या वह्या, दातेरी पट्टीच्या बाटल्या, खल, पिल्स वळायच्या फरश्या पडून असतील. भंगारात देण्यापूर्वी त्यांचे फोटो काढा, वहीची पानं उलटून बघा. कोणत्या साली ग्रेन जाऊन मिलिग्रॅम आले, घोड्या-बैलांची औषधं माणसांच्याच दवाखान्यातून जात होती का, हे त्या पानांवरूनच कळेल. रोग्यांची नावं झाकून घ्या. बाटलीत जुनी पूड किंवा द्रव असेल तर उघडू नका, वास घेऊ नका, कारण पारा आणि सोमल ही त्या काळची नेहमीची औषधं होती.

ज्यांचे वडील किंवा आजोबा कंपाउंडर होते, त्यांनी तर नक्की कळवा. डॉक्टरांची नावं पाट्यांवर राहिली. पार्टिशनच्या पलीकडे खल घोटणाऱ्यांची कुठेच लिहिलेली नाहीत, आणि ती माहीत असलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.